हर्णेला जाताय? मग मासळीच्या लिलावात लुडबुड करू नका!

नमस्कार मंडळी! हर्णेसमोरचा सुवर्णदुर्ग किल्ला 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला आणि तेव्हापासून कमेंटमध्ये एकच धोशा, हर्णेला कसं जायचं, काय बघायचं. जायचं कसं ते सोप्पंय, दापोली गाठा, तिथून एसटी, रिक्षा, काहीही मिळतं. किल्ला भर समुद्रात, होडीने जावं लागतं आणि पावसाळ्यात होड्या बंद, झालं.

पण मला बोलायचंय बंदरावरच्या लिलावाबद्दल, कारण तिथे आपली माणसं जे करतात ना ते बघवत नाही.

मोठ्या बोटी खोल पाण्यात थांबतात, मासळी छोट्या होड्यांतून किनाऱ्याकडे येते आणि तिथून बैलगाड्या, हो, बैल पाण्यात उतरतात! संध्याकाळी वाळूवर ढीग लागतात, पुकारा सुरू होतो आणि बघता बघता माल विकला जातो. हा घाऊक बाजार आहे, बोली अख्ख्या ढिगावर लागते. एका ताईंनी लिहिलंय, "एक सुरमई मागितली तर माझ्यावर खेकसले". ताई, बोली चालू असताना मधेच एका माशाचा भाव विचारला तर पुकारणाऱ्याची लय तुटते आणि नुकसान होतं ते बोटवाल्याचं, ज्याने डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार सगळं आधीच घातलेलं असतं.

दुसरं, बैलगाडीच्या वाटेत सेल्फी. गाडी भरलेली, चाकं ओल्या वाळूत रुतलेली, बैल एकदा थांबले की परत हलवणं किती कठीण! मी स्वतः बघितलंय, एक ग्रुप रील काढत उभा आणि गाडीवान ओरडून ओरडून दमला, आणि उन्हात मासळी तशीच पडून.

तिसरं तेच परत सांगतो, कारण लोक ऐकत नाहीत, टोपली डोक्यावर घेऊन निघालेल्या मावशीला "जरा थांबा ना, फोटो" म्हणून अडवू नका. त्या कामावर आहेत. आधी विचारा, नाही म्हणाल्या तर विषय संपला.

मग मासे घ्यायचे कुठून? लिलाव झाला की तिथेच बाजूला मावश्या वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घ्या. कोलंबी, बांगडा, नशीब असेल तर पापलेट. घासाघीस बेताने करा प्लीज.

आणि इतिहास म्हणाल तर मान वर करा फक्त. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं, जे 1755 मध्ये पेशव्यांशी हातमिळवणी करून इंग्रजांच्या आरमारातल्या कमोडोर जेम्सने कान्होजींच्या मुलाकडून, तुळाजी आंग्र्यांकडून घेतलं. किनाऱ्यावर कनकदुर्ग, ज्याच्यावर दीपगृह आहे, शेजारी फत्तेगड आणि गोवा नावाचा किल्ला. फत्तेगडावर तर आज लोकांची घरं आहेत, म्हणजे तुम्ही कोणाच्या तरी अंगणातून चालताय, हळू बोला. सुवर्णदुर्गावर गेलात तर दरवाजातला मारुती आणि पायरीवरचं कासव चुकवू नका.

जून-जुलैत मासेमारी बंदी असते, त्यामुळे तेव्हा लिलावासाठी येऊ नका, नारळी पौर्णिमेनंतरचा प्लॅन करा.