एका चित्रासाठी पाच विभाग: मध्ययुग आणि प्रबोधनकाळाची पदवी म्हणजे काय?

नमस्कार मंडळी. आज थेट चित्रापासूनच सुरुवात करूया.

(पडद्यावर: विल्टन डिप्टिक)

याचं नाव विल्टन डिप्टिक. बिजागऱ्यांनी जोडलेल्या, मिटता येणाऱ्या दोन लाकडी फळ्या, प्रत्येकी साधारण अर्धा मीटर उंचीच्या. काळ १३९० चं दशक, चित्रकार अज्ञात. १९२९ पासून हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. डावीकडे गुडघे टेकून बसलेला तरुण म्हणजे इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड, आणि त्याच्यामागे तीन संत. उजवीकडे बाळ येशूला घेतलेली मेरी, भोवती अकरा देवदूत.

आता देवदूतांच्या छातीकडे बघा. पांढरं हरीण दिसतंय? ते रिचर्डचं स्वतःचं चिन्ह. राजाच्या माणसांनी अंगावर मिरवायचा बिल्ला. म्हणजे स्वर्गातले देवदूत राजाच्या नोकरांचा बिल्ला लावून उभे आहेत! आणि हे कोणत्या काळात? बडे सरदार आपापल्या माणसांना असे बिल्ले देतात, मग ती माणसं त्या जोरावर दांडगाई करतात, अशा तक्रारी इंग्लंडच्या संसदेत होत होत्या त्या काळात. हे ठाऊक नसेल तर चित्र नुसतं सुंदर दिसतं. ठाऊक असेल तर त्यातलं राजकारण दिसायला लागतं.

आणि हा निळा रंग. तो अल्ट्रामरीन. लाजवर्द नावाच्या दगडापासून होतो, आणि तो दगड यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. नुसता कुटला तर राखाडी भुकटी हाती लागते. १४०० च्या आसपास चेनिनो चेनिनी या इटालियन चित्रकाराने रंगकामाची कृती लिहून ठेवली आहे. दगडाची पूड राळ आणि मेणात मळायची, तो गोळा तसाच मुरू द्यायचा, मग राखेच्या क्षारयुक्त पाण्यात दाबत राहायचं. हळूहळू निळे कण सुटून तळाशी बसतात. पहिल्या खेपेला निघतो तो सगळ्यात उत्तम, पुढे पुढे रंग फिका होत जातो. म्हणून हा निळा अतिशय महाग. आणि या चित्रात तो मेरीच्या अंगावर आहेच, शिवाय अकराच्या अकरा देवदूतांच्या अंगावर आहे.

तर एवढ्याशा चित्राला किती प्रश्न विचारता येतात बघा. बिल्ल्याचं उत्तर राजकीय आणि कायद्याच्या इतिहासात. रंगाचं उत्तर रसायनशास्त्रात आणि व्यापाराच्या इतिहासात. तीन संत कोण आणि हेच का, हे धर्माच्या अभ्यासकाला विचारायचं. राजाच्या गळ्यात फ्रेंच राजाची खूण असलेला शेंगांचा हार आहे. रिचर्डने १३९६ मध्ये फ्रान्सच्या राजकन्येशी लग्न केलं, तेव्हा ती अवघी सहा वर्षांची होती. म्हणजे फ्रान्सचा इतिहासही आलाच. एकाच खात्यात बसून हे चित्र पुरतं कळणं अशक्य आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मध्ययुग आणि प्रबोधनकाळाची (म्हणजे रेनेसान्सची) आंतरविद्याशाखीय पदवी निघाली ती याच गरजेतून.

अमेरिकेत ड्यूक, व्हासर, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी अशा ठिकाणी हा विषय पदवीला घेता येतो. बहुतेक ठिकाणी त्याचा वेगळा मोठा विभाग नसतो. इतिहास, कलेतिहास, इंग्रजी, इटालियन, धर्म, संगीत, तत्त्वज्ञान या विभागांतले प्राध्यापक मिळून तो चालवतात. तुम्ही या विभागांतले विषय जोडत जाता, एखादी जुनी भाषा शिकता, आणि शेवटी बऱ्याच ठिकाणी एक प्रबंध लिहिता.

पण दोन्ही काळ एकत्र का? याचं माझं आवडतं उत्तर अक्षरांत आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये पोज्जो ब्राच्चोलिनी आणि त्याच्या बरोबरीच्या विद्वानांना तेव्हा चालणारी टोकदार, दाट गॉथिक अक्षरं गिचमीड वाटायला लागली. त्यांनी जुन्या हस्तलिखितांतली सुटी, गोलसर अक्षरं उचलली. त्यांना वाटलं, हे प्राचीन रोमचं वळण. प्रत्यक्षात ती हस्तलिखितं नवव्या ते बाराव्या शतकातली होती, म्हणजे ऐन मध्ययुगातली. त्याच वळणावरून पुढे छापखान्याचे रोमन टाइप घडले. आज इंग्रजी पुस्तकात तुम्ही वाचता ती छोटी अक्षरं तीच. आता सांगा, ती मध्ययुगाच्या खात्यात टाकायची की प्रबोधनाच्या?

आता मुख्य मुद्दा. ही पदवी घ्यायची तर लॅटिन टाळू नका. अनेक विभागांतून थोडं थोडं चाखायचा मोह इथे फार होतो. एका सत्रात गॉथिक चर्च, दुसऱ्यात इटालियन कवी दान्ते, तिसऱ्यात चेटकिणींचे खटले. तीन-चार वर्षं मजेत जातात आणि हातात काहीच पक्कं राहत नाही. पक्कं होतं ते भाषेने आणि लिपीवाचनाने. आपल्याकडे मोडी वाचता न येता पेशवे दफ्तरात शिरणाऱ्याची जी गत होते, तीच तिकडे लॅटिन आणि जुन्या लिप्या न शिकणाऱ्याची. कागद समोर असतो, पण तो दुसऱ्याने वाचून दाखवावा लागतो.

(पडद्यावर: हस्तलिखिताचं पान, पी अक्षर मोठं करून)

एकच उदाहरण देतो. चर्मपत्र महाग, म्हणून लेखनिक शब्द आखडून लिहायचे. हे पी अक्षर बघा. खालच्या दांडीला आडवी रेघ मारली की वाचायचं ‘पेर’. रेघ अक्षराच्या डोक्यावर असेल तर ‘प्रे’. खालून डावीकडे वळसा घातला की ‘प्रो’. इथे चूक झाली तर ‘च्यामुळे’चं ‘च्यासाठी’ होतं, आणि जमिनीच्या दस्तऐवजाचा अर्थच फिरतो. हे कौशल्य रोज तासभर बसून कमवावं लागतं. पण एकदा आलं की कुठल्याही अभिलेखागारात तुमचं तुम्ही वाचू शकता.

आणि मराठी मुलामुलींनी या विषयाकडे गांभीर्याने बघावं याला एक खास कारण आहे. विल्टन डिप्टिकला ज्या विल्टन हाउसवरून नाव पडलं ते विल्टशर परगण्यात. त्याच विल्टशरमधला थॉमस स्टीफन्स रोममध्ये जेझुइट, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचा सदस्य, झाला आणि १५७९ मध्ये गोव्याला पोचला. हाच आपला फादर स्टीफन्स! त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, बायबलची कथा, आणि भाषा मराठी. हा ग्रंथ नीट उलगडायचा तर एकीकडे जेझुइटांचं शिक्षण, लॅटिन बायबल, पोर्तुगीज राजवट समजायला हवी. दुसरीकडे ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली ओवी, पुराणकथनाची रीत आणि गोव्यातली कोंकणी कानात हवी. लॅटिन शिकणारे युरोपात हजारो सापडतील. ओवी कानात घेऊन लॅटिन शिकायला बसलेला विद्यार्थी मात्र विरळा, आणि त्याला करण्यासारखं काम भरपूर पडलं आहे.

नोकरीचं काय, हा घरातला पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. या पदवीवर थेट ठरलेली नोकरी नाही. संग्रहालयं, ग्रंथालयं, अभिलेखागारं, प्रकाशन, अध्यापन, जुन्या वस्तूंचं जतन या वाटा आहेत, आणि बहुतेकींना पुढे एमए लागतंच. जतनात जायचं तर रसायनशास्त्र हवं, तेव्हा सायन्स सोडायची घाई करू नका. शिष्यवृत्ती नसेल तर निव्वळ कर्जावर परदेशात ही पदवी करू नये, असं मी तळमळीने सांगेन. त्यापेक्षा इथे इतिहास किंवा साहित्यात पदवी घ्या, जोडीला लॅटिन किंवा पोर्तुगीज आणि मोडी शिका, आणि एमएला बाहेर जा.

ज्यांना आत्ताच अर्ज करायचा आहे, त्यांनी विद्यापीठाला आधी हे विचारा: लॅटिन पहिल्या वर्षापासून, अगदी पायरी एकपासून शिकवता का? लिपीवाचनाचा वर्ग पदवीच्या मुलांना खुला आहे का? ग्रंथालयात मूळ हस्तलिखितं आहेत का, आणि ती आम्हाला हाताळू देता का? प्रबंधाला दोन वेगळ्या विभागांतले मार्गदर्शक मिळतात का? या चारांपैकी तिघांना ‘हो’ आलं, तर अर्ज भरा. हे चारही प्रश्न व्हिडिओखाली लिहून ठेवले आहेत.