सील नंतर, आधी ब्रीदर

मंडळी, मागच्या चाकातून तेल गळतं म्हणून पिकअप गॅरेजला येते. मिस्त्री चाक उतरवतो, सील म्हणजे शाफ्टभोवतीचं तेल अडवणारं रबरी कडं बदलतो, गाडी जाते. काही महिन्यांनी तीच गाडी, तेच चाक. मग ‘सील डुप्लिकेट निघालं’ असा निकाल लागतो. डुप्लिकेट माल बाजारात आहेच, मी त्याची वकिली करायला आलेलो नाही. पण ते काढलेलं सील फेकण्याआधी बघा. लिपची, म्हणजे शाफ्टला टेकणाऱ्या रबरी ओठाची, धार घासून रुंद झालेली, रबर कडक. जुन्या सीलचं असं होणारच. नव्या सीलचं इतक्या लवकर झालं, तर आत दाब होता, म्हणजे हवेला ये-जा करू देणारा ब्रीदर बुजला होता, असा संशय घ्या.

मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे गिअर आणि शाफ्ट झाकणाऱ्या लोखंडी पेटीत, फिलर प्लगच्या (तेल भरायच्या बुचाच्या) भोकापर्यंत तेल, त्याच्या वर हवा. क्राउन-पिनियनचे, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या जोडीचे, दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासत सरकतात, म्हणून तेल तापतं. समजा, ३० अंशांवरची गाडी माल घेऊन घाट चढली आणि आतलं तापमान ९० झालं. हवेला बाहेर वाट नसेल तर दाब पाचव्या हिश्शाने वाढतो. टायरवाल्याच्या भाषेत जेमतेम तीन पौंड. ऐकायला काहीच नाही. पण हे सील तेल अडवायला बनवलेलं आहे, दाब पेलायला नाही. दाबाने लिप शाफ्टवर आवळली जाते, तापते, झिजते आणि शाफ्टवर नखाला लागेल असा चर पाडते. मग त्या चरावर कितीही महागडं सील बसवा.

तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरलं की लायनर, म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, गेले. पेट्रोलने धुऊन पुन्हा लावणारे आहेत. मी लावू देत नाही. भिजलेला लायनर तापला की आतलं तेल पुन्हा वर आणतो आणि ब्रेक एका बाजूला ओढतो. ब्रेक ऑइल गळतंय की गिअर ऑइल, हे नाक सांगतं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो.

याहून वाईट प्रकार पावसाळ्यातला. तापलेली गाडी घाट उतरते आणि फरशी पुलावरच्या वाहत्या पाण्यात शिरते. हाउसिंग एकदम गार पडतं, आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढ लागते. सीलची लिप आतलं तेल रोखायला वळवलेली असते, बाहेरचं पाणी अडवायला नाही. तेल दुधाळ दिसलं, म्हणजे पाणी मिसळलं, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका, बेअरिंग गंजायला तेवढा वेळ पुरतो.

हे सगळं टाळायला कंपनीने हाउसिंगच्या वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढा ब्रीदर दिलेला असतो, वर सैल टोपी. आपण तो बुजवतो. पासिंगच्या आधी खालून काळा रंग मारतो, पावसाळ्याआधी जळकं ऑइल फवारतो, त्यावर धूळ बसते. टोपी बोटाने फिरली पाहिजे. फिरत नसेल तर काढा, डिझेलमध्ये धुवा, फुंकून बघा. गरम गाडीचा फिलर प्लग जपून सैल करताना ‘फुस्स’ झालं, तर ब्रीदर बुजलेला आहे हे कळलंच, वेगळं तपासायची गरज उरली नाही.

टोपी काढूनच टाकली तर? हा प्रश्न नेहमी येतो. तसं करू नका, धूळ-पाणी थेट आत जाईल. नेहमी पाण्यातून जाणाऱ्यांनी ब्रीदरच्या जागी नळीचं नोझल बसवून तेलाला टिकणारी नळी चासीच्या वर, बॉडीपर्यंत न्यावी. चाक पूर्ण खाली लोंबकळल्यावरही नळी ताणली जाऊ नये इतकी ढील ठेवा, पण मधे झोळ पडू देऊ नका. त्यात पाणी साचलं की वाट पुन्हा बंद. वरच्या टोकाला छोटा फिल्टर हवा. सायलेन्सरपासून लांब बांधा. आणि ब्रीदरमधूनच तेल वर येत असेल तर आधी तेलाची पातळी बघा, बहुतेक वेळा जास्त भरलेलं असतं. फोर-व्हील ड्राइव्हवाल्यांनी पुढच्या ॲक्सललाही हेच करायचं आहे.