अमेरिकेतला कॉलेजचा कोच पाचव्या पोराकडे का बघतो?

नमस्कार मंडळी! आपला धावपटू अविनाश साबळे, त्याच्यावरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. अविनाश अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला स्कॉट सिमन्स ह्या कोचकडे सराव करायचा, हे मी त्यात सांगितलं होतं. त्यावर कोणीतरी विचारलं, ‘सर, तिकडचे कॉलेजचे ट्रॅकचे कोच म्हणजे आपले पीटीचे सरच ना? मग त्यांची एवढी नावं कशी होतात?’ सिमन्सकडचा अविनाशचा सराव हा काही कॉलेजच्या टीमचा सराव नव्हता, पण प्रश्न चांगला आहे. तर आज कॉलेजचा कोच.

आधी पटकन बेसिक. क्रॉस कंट्री म्हणजे गवत, चिखल, चढउतार. ट्रॅक म्हणजे 400 मीटरचा लॅप. तिकडे बहुतेक कॉलेजात दोन्हीचा कारभार एकाच छपराखाली. पावसाळा सरता सरता क्रॉस कंट्री सुरू होते ती नोव्हेंबरपर्यंत, मग हिवाळ्यात इनडोअर ट्रॅक, मग जूनपर्यंत आउटडोअर. लांब पल्ल्याची पोरं तिन्हीकडे तीच. झालं. आता मुद्द्याचं बोलू.

मुद्दा आहे पाचवा धावपटू.

हा फळा जवळ घेतो. क्रॉस कंट्रीत एका टीमची सात पोरं धावतात. पहिल्या पाच जणांचे नंबर मोजायचे आणि बेरीज करायची. ज्याची बेरीज कमी, तो जिंकला. बघा, ‘अ’ टीमचे नंबर आले 1, 2, 3, 4 आणि 40. बेरीज 50. ‘ब’ टीमचे आले 7, 8, 9, 10, 11. बेरीज 45. पहिले चारही नंबर ‘अ’चे, आणि चषक नेला ‘ब’ने! ‘ब’चा एकही पोरगा पहिल्या पाचात नाही. व्हिडिओ थांबवून स्वतः बेरीज करा. मी हे जिथे जिथे सांगतो तिथे कोणीतरी म्हणतंच, ‘असं कसं, पहिला तर आमचा आला.’ आला ना. त्याचा एक गुण झाला. बाकीच्या चौघांचं काय?

मागे एका तालुक्याच्या शालेय स्पर्धेला गेलो होतो. पहिला पोरगा आला, टाळ्या, हार, फोटो. पाठोपाठ दुसरा, तिसरा. तोवर अर्धी गर्दी फोटोकडे पळाली. त्याच शाळेचा पाचवा पोरगा आला तेव्हा दोरीपाशी फक्त चुना टाकणारे काका उभे होते. पायात कॅनव्हासचे बूट, एकाचा तळ सुटून फटफट वाजतोय. बिबची, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदाची, एक पिन निसटलेली, म्हणून त्याने बिब डाव्या हाताने पोटाशी धरून ठेवलेलं, आणि तसाच, एका हाताने पळत, शेवटच्या पन्नास मीटरला दोघांना मागे टाकलं त्याने. त्याची वेळ कोणी लिहून घेतली नाही. मला ह्या गोष्टीचा फार राग आला, अजून येतो. तो पोरगा एखाद्या अमेरिकन कॉलेजच्या टीममध्ये असता, तर कोच पहिल्याला सोडून ह्याच्याकडे धावला असता.

असाच एक कोच सांगतो. जॉन मॅकडॉनेल. आयर्लंडच्या मेयो परगण्यातला, 1938चा जन्म, शेतकऱ्याच्या घरातला. स्वतः धावपटू म्हणून अमेरिकेत गेला, लुइझियानात कॉलेज केलं, शाळांमध्ये कोचिंग केलं आणि 1972 साली आर्कान्सा विद्यापीठात क्रॉस कंट्रीचा कोच म्हणून लागला. पुढे सगळा ट्रॅक विभाग त्याच्याकडे आला. 2008 साली निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर कॉलेजची 40 राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं होती: 11 क्रॉस कंट्री, 19 इनडोअर, 10 आउटडोअर. खरं तर 42 जिंकली होती. विभागातल्या एका सहायक कोचने नियम मोडले म्हणून 2004 आणि 2005ची आउटडोअरची दोन काढून घेतली. कमेंटमध्ये कोणी 42 लिहितं, कोणी 40, म्हणून सांगून टाकलं.

पण त्या चाळीसपेक्षा मला एक वेगळा आकडा मोठा वाटतो. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद कधी आलं? 1984. लागला 1972 साली. मध्ये बारा वर्षं! आपल्याकडे कोचला दोन सीझनमध्ये मेडल दाखवावं लागतं, नाहीतर संस्थेत कुजबुज सुरू होते. अहो, आत्ता आलेला पोरगा चार वर्षं कॉलेजात असतो. पहिल्या वर्षी सातवा असलेला पोरगा तिसऱ्या वर्षी चौथा-पाचवा व्हायला दोन हिवाळे जावे लागतात. मॅकडॉनेलला तेवढा वेळ मिळाला. 1984 ते 1995 सलग बारा वर्षं त्याने इनडोअरचं विजेतेपद सोडलं नाही. एकाच शैक्षणिक वर्षात क्रॉस कंट्री, इनडोअर, आउटडोअर तिन्ही जिंकायची, हे त्याने पाच वेळा करून दाखवलं. आणि हे सगळं चालू असताना हा माणूस गुरंही पाळत होता. शेतकऱ्याच्या पोराला गोठा सुटत नाही.

पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय, ‘लांब पल्ल्याचा कोच लांब उडीवाल्यांना काय शिकवणार?’ ताई, बरोबर पकडलंत. ट्रॅकच्या स्पर्धेत उड्या आणि फेकीही येतात, आणि तिथे गणित उलटं असतं. प्रत्येक प्रकारातल्या पहिल्या आठांना 10, 8, 6, 5, 4, 3, 2, 1 असे गुण, आणि ज्याचे जास्त तो जिंकतो. नुसत्या 5000 आणि 10,000 मीटरवर ते भागत नाही. मॅकडॉनेलने उड्यांसाठी डिक बूथसारखा माणूस शेजारी ठेवला. आर्कान्साच्या माइक कॉन्लीने पुढे 1992 साली बार्सिलोनाला तिहेरी उडीत ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. आपल्याला जे येत नाही ते ज्याला येतं त्याच्या हातात पोरं सोपवायची, हे मोठ्या मनाचं काम आहे. आपल्याकडे एकच सर गोळाफेकीपासून मॅरेथॉनपर्यंत सगळं घेतात. त्यांचा नाइलाज असतो, मला माहीत आहे.

पुन्हा पाचव्याकडे येतो. आता दुसऱ्या बाजूने बघा, घड्याळाच्या. पुढे पळणाऱ्या पोराने दहा सेकंद वाचवले तर किती नंबर वर जाईल? एक, फार तर दोन. तिथे गर्दीच नसते. आता शर्यतीच्या पोटात या. तिकडच्या डिव्हिजन एकच्या, म्हणजे कॉलेजांच्या सगळ्यात वरच्या गटाच्या, राष्ट्रीय स्पर्धेत 31 टीम असतात, शिवाय 38 एकेकटे धावपटू, म्हणजे अडीचशे पोरं. मधल्या घोळक्यात तेच दहा सेकंद पंधरा-वीस नंबरांचे असतात. मेहनत तेवढीच, फळ वीसपट. मग कोचने कोणावर जीव टाकावा? (एकेकटे धावणारे टीमच्या बेरजेत धरत नाहीत, हे खाली कोणीतरी लिहिणारच. बरोबर आहे, त्यांना वगळून नंबर लावतात. म्हणून दोन-चार नंबर इकडचे तिकडे होतील, मुद्दा तोच राहतो.)

ह्याची कमाल बघायची तर जो व्हिहील नावाचा कोच बघा. कोलोरॅडोत अलामोसा नावाचं छोटं गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे 2300 मीटर उंच, तिथलं ॲडम्स स्टेट हे लहानसं कॉलेज. 1992 साली डिव्हिजन दोनच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांच्या पोरांची बेरीज आली 15. 15 म्हणजे 1, 2, 3, 4, 5. याच्या खाली बेरीज जाऊच शकत नाही. पाचव्याच्या आधी दुसऱ्या कॉलेजचा एकही पोरगा नाही! ह्याच व्हिहीलने पुढे डीना कॅस्टर ह्या अमेरिकन धावपटूला घडवलं, जिने 2004 साली अथेन्सला मॅरेथॉनचं ब्राँझ घेतलं. लोक ते ब्राँझ सांगतात. मी आधी ते 15 सांगतो.

तिसरी बाजू, पैशाची. इथे मला थोडं चिडून बोलायचंय. ‘अमेरिकेत फुल स्कॉलरशिप मिळवून देतो’ म्हणून पालकांकडून पैसे घेणारे फिरतायत. नीट ऐका. कित्येक वर्षं डिव्हिजन एकच्या कॉलेजला मुलांच्या ट्रॅक आणि क्रॉस कंट्रीला मिळून 12.6 स्कॉलरशिप देता यायच्या. मुलींना 18. ह्या 12.6 मध्ये स्प्रिंटर, उडीवाले, फेकवाले, लांब पल्ल्याचे, सगळे बसवायचे. म्हणजे एकाला अर्धी, एकाला पाव, एकाला नुसती पुस्तकं. 2025 पासून नियम बदललाय. ज्या कॉलेजांनी नवा नियम स्वीकारलाय त्यांना ती मर्यादा नाही, पण टीममध्ये किती पोरं ठेवायची त्यावर बंधन आलं, क्रॉस कंट्रीला 17 आणि ट्रॅकला 45. ह्याचा अर्थ काठावरच्या पोराला आता जागा मिळणंच कठीण. त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या कॉलेजच्या कोचला थेट मेल करा आणि लेखी विचारा, किती टक्के, किती वर्षं.

तर 12.6 असताना कोचपुढे पेच हा असायचा: एक पूर्ण स्कॉलरशिप एका स्टारला द्यायची, की तिचे तुकडे करून चार मधली पोरं आणायची? आता तुम्ही फळ्यावरची बेरीज बघून सांगा.

आणि सहावा-सातवा? त्यांचे नंबर मोजत नाहीत, म्हणून ‘उगाच पळतात’ असं एका दादांनी लिहिलंय. उगाच नाही हो! माझे सहावा आणि सातवा तुमच्या पाचव्याच्या पुढे आले तर तुमचा पाचवा दोन नंबर मागे ढकलला जातो. तुमची बेरीज दोनने वाढली. माझ्या त्या दोघांचं नाव बातमीत येणार नाही, आणि चषक दोन गुणांनी माझ्याकडे येईल.

तुमच्यापैकी जे शाळा-कॉलेजात पोरं घेतात त्यांच्यासाठी एक काम. पुढच्या शर्यतीला वहीत दोन वेळा लिहा, तुमच्या पहिल्याची आणि पाचव्याची, आणि मधला फरक काढा. महिन्याने पुन्हा काढा. पहिल्याची वेळ तीच राहून फरक घटला असेल तर तुमचा सराव बरोबर चाललाय. ते दोन्ही फरक खाली लिहा, अंतर आणि पोरांचं वय सांगून. पुढच्या रविवारी त्यातले काही घेऊन पाचव्याचा सराव कसा आखायचा ते फळ्यावर करू.