भिंतीला धरून वृक्षासन

पत्रिकेत विषय छापलाय ‘वृक्षासन आणि उतारवय’. त्याकडे येतोच, पण आधी एक गोष्ट सांगू द्या.

एका मैदानावर योगदिनाचा कार्यक्रम होता. जून महिना, जमीन ओली, गर्दी भरपूर. आमच्या वर्गातल्या एक आजी कुंपणाच्या भिंतीला दोन बोटं टेकवून वृक्षासन करत होत्या. डाव्या पायावर उभ्या, उजवं पाऊल डाव्या पोटरीला लावलेलं, मान सरळ, श्वास संथ. एक कार्यकर्ते धावत आले, “आजी, भिंत सोडा, फोटोत बरं दिसत नाही!” आजींनी भिंत सोडली, तोल गेला, खाली बसल्या. लागलं नाही, पण पुन्हा वर्गाला आल्या नाहीत. “आता माझ्याच्यानं व्हायचं नाही,” असा निरोप आला. अहो, होत होतं की! अख्ख्या मैदानात त्यांचंच नीट होत होतं. पुढच्या रांगेतली मंडळी पाऊल थेट गुडघ्याच्या सांध्यावर दाबून उभी होती आणि फोटो त्यांचे निघाले. पाऊल मांडीला लावा, नाहीतर पोटरीला. सांध्यावर आडवा दाब नको, एवढं तरी कुणी सांगायचं होतं.

भिंतीची लाज कसली? योगगुरू बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले. भिंत, दोर, पट्टा, लाकडी ठोकळा यांना साधनेत मानाचं स्थान त्यांनी इथेच दिलं. परदेशातून माणसं विमानाचं तिकीट काढून ते शिकायला इथे येतात, आणि आम्ही घरच्या भिंतीला हात लावायला संकोचतो! काकू हसताहेत, म्हणजे त्यांच्याही घरी हेच चाललंय.

जाता जाता सांगतो, तामिळनाडूत मामल्लपुरमला गेलात तर सातव्या शतकातलं ते कातळावरचं मोठं शिल्प पाहा. एका पायावर उभा राहून हात वर केलेला तपस्वी त्यात आहे. आणि खाली त्याची नक्कल करणारं मांजर, भोवती उंदीर! नातवंडांना मांजर आधी दाखवा, मग तपस्वी. घेरंडसंहिता या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातलं वृक्षासन आणखी अवघड आहे, त्यात पाऊल पार मांडीच्या मुळाशी... बरं, चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरलीत. मुद्द्यावर येतो.

तोल सांभाळतात डोळे, अंतर्कर्ण आणि पावलांतून, घोट्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना. वयानुसार तिन्ही मंदावतात. अनवाणी एका पायावर उभे राहा आणि कुणाला तरी तुमच्या पावलाकडे बघायला सांगा. पावलाच्या वरच्या शिरा ताठतात, सैल पडतात, घोटा आत-बाहेर होतो. लोक त्याला ‘जमत नाही’ म्हणतात. पण तो थरथरणारा घोटाच तर काम करतोय! आसन घडतंय ते तिथेच.

आता भिंत. बोटाचा नुसता स्पर्श, ज्यावर भार पडतच नाही, तोसुद्धा शरीराचं डुलणं कमी करतो, हे प्रयोगांत दिसलंय. शरीर नेमकं कुठे झुकतंय, हे ते बोट मेंदूला कळवतं. आजी नेमकं तेच करत होत्या.

ब्राझीलमधला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं. साधारण पाचांतल्या एकाला जमलं नाही, आणि पुढच्या वर्षांत त्या गटात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. एका पायावर उभं राहून आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ कृपा करून काढू नका. पण तोल ही तपासत राहायची गोष्ट आहे, रक्तदाबासारखीच.

तेव्हा घरी असं करा. टाच, अंगठ्याचा उंचवटा, करंगळीचा उंचवटा, तिन्हींवर भार सारखा. नजर समोरच्या स्थिर वस्तूवर. दोन बोटं भिंतीला. डोळे मिटायचे नाहीत. चक्कर येत असेल किंवा मधुमेहानं तळवे बधिर झाले असतील, तर खोलीच्या कोपऱ्यात उभे राहा, म्हणजे दोन्ही बाजूंना भिंत मिळेल, आणि घरातलं कुणीतरी जवळ असू द्या. अध्यक्ष उठलेच आहेत. प्रश्न चहाच्या वेळी घेऊ.