ऑक्सफर्ड नगरपरिषदेचा त्रिशंकू कौल

श्रोतेहो, नमस्कार.

ऑक्सफर्ड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विद्यापीठ येते. कॉलेजांची दगडी प्रांगणे, बोडलियन ग्रंथालय, काळे झगे घालून परीक्षेला निघालेली मुले. पण 2021च्या जनगणनेनुसार सुमारे एक लाख बासष्ट हजार लोकसंख्येच्या या गावात कचरा उचलावा लागतो, भाड्याची घरे सांभाळावी लागतात, बागांतले गवत कापावे लागते, आणि ही कामे करणाऱ्या नगरपरिषदेला लोकांकडे मते मागून निवडून यावे लागते. आजचे भाषण त्या नगरपरिषदेच्या 2 मे 2024 रोजी झालेल्या निवडणुकीविषयी आहे. निवडणूक तशी लहान होती, पण तिचा निकाल ज्या दोन कारणांनी फिरला, त्यांपैकी एकही कारण नगरपरिषदेच्या अखत्यारीतले नव्हते, आणि म्हणूनच तो मला सांगण्याजोगा वाटतो.

आधी आकडे पाहू. ऑक्सफर्डमध्ये चोवीस प्रभाग आहेत, प्रत्येक प्रभागात दोन नगरसेवक, म्हणजे एकूण 48. दर दोन वर्षांनी निम्म्या जागांसाठी मतदान होते, त्यामुळे एका फटक्यात सगळी सभा बदलत नाही. 2018च्या निवडणुकीनंतर मजूर पक्षाकडे 36 जागा होत्या, 2021 नंतर 34, 2022 नंतर 32. उतरण होती, पण सावकाश होती आणि बहुमताला तिचा धोका नव्हता. मे 2024च्या मतमोजणीनंतर मात्र मजूर पक्ष वीसवर आला. लिबरल डेमोक्रॅट नऊ, ग्रीन पक्ष आठ, आणि उरलेले अकरा जण अपक्ष किंवा स्थानिक आघाड्यांचे. त्या वेळी देशावर राज्य करणाऱ्या हुजूर पक्षाला या सभागृहात एकही जागा नव्हती. स्पष्ट बहुमताला पंचवीस लागतात, तेवढे कोणाकडेच नव्हते. अशा सभागृहाला आपण त्रिशंकू म्हणतो. मजूर पक्षाने अल्पमतात कारभार चालू ठेवला, आणि 2018 पासून नेतेपदावर असलेल्या सुझन ब्राउन त्या पदावर कायम राहिल्या.

आता हे बत्तिसाचे वीस कसे झाले? बहुमत मतदारांनी काढून घेतले असे म्हणणे अर्धेच खरे आहे, कारण ते निवडणुकीच्या सहा महिने आधीच गेले होते. 11 ऑक्टोबर 2023 रोजी पक्षनेते कीर स्टार्मर यांनी एका रेडिओ वाहिनीवर मुलाखत दिली. गाझाचे पाणी आणि वीज तोडण्याचा इस्राएलला अधिकार आहे, असा तिच्यातल्या एका उत्तराचा अर्थ अनेकांनी घेतला. स्टार्मर यांनी पुढे खुलासा केला, पण तोवर ऑक्सफर्डमधले नगरसेवक राजीनामे देऊ लागले होते. आधी दोघे गेले, मग आणखी, आणि त्याच महिन्यात ही संख्या आठवर पोचली. बत्तिसांतून आठ वजा केले की चोवीस उरतात, आणि अठ्ठेचाळिसांच्या सभेत चोवीस म्हणजे बहुमत नव्हे. काउली रोडच्या परिसरात, म्हणजे पूर्व ऑक्सफर्डमध्ये, पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाची कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि डाव्या विचारांचे विद्यार्थी व प्राध्यापकही त्याच भागात घरे घेतात. तिथल्या नगरसेवकाला दारोदार प्रचाराला गेल्यावर कचऱ्याच्या डब्याबद्दल नव्हे, तर गाझाबद्दल उत्तर द्यावे लागत होते.

दुसरे कारण रस्त्यांचे. इंग्लंडच्या या भागात स्थानिक कारभाराचे दोन मजले आहेत. नगरपरिषदेकडे घरबांधणी, नगररचना, कचरा, उद्याने. तर वरच्या काउंटी कौन्सिलकडे, जिला आपण ढोबळमानाने जिल्हा परिषद म्हणू, रस्ते, शाळा आणि वृद्धांची व अपंगांची देखभाल. 2021 साली काउली भागात आणि 2022 साली पूर्व ऑक्सफर्डमध्ये गल्लीबोळांतून जाणाऱ्या मोटारींना अटकाव करण्यासाठी रस्त्यात खांब आणि लाकडी कुंड्या बसवण्यात आल्या. सायकलवाल्यांना आणि लहान मुलांच्या आईवडिलांना रस्ते शांत झाल्याचा आनंद झाला. पण मुख्य रस्त्यांवर गाड्या तुंबू लागल्या, दुकानदारांची गिऱ्हाइके आटली अशी तक्रार सुरू झाली आणि टॅक्सीवाले वैतागले. रात्रीतून खांब उखडले गेले, काही जाळलेही गेले. त्यातच शहरातल्या सहा ठिकाणी मोटारींवर कॅमेऱ्यांनी नियंत्रण ठेवण्याची योजना पुढे आली, आणि नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात प्रत्येक वस्तीपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर गरजेच्या सोयी असाव्यात अशी एक निरुपद्रवी कल्पना होती. या दोन गोष्टींची इंटरनेटवर अशी काही गल्लत झाली की लोकांना आपापल्या वस्तीत कोंडून ठेवण्याचा कट शिजतो आहे, अशी अफवा जगभर पोचली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये बाहेरगावची माणसेसुद्धा ऑक्सफर्डच्या रस्त्यावर मोर्चाला आली.

या अफवेला बाजूला ठेवले तरी स्थानिक नाराजी खरी होती, आणि तिच्यातूनच 'इंडिपेंडंट ऑक्सफर्ड अलायन्स' ही आघाडी उभी राहिली. शहराच्या आग्नेय बाजूला, जिथे एकेकाळी विल्यम मॉरिस यांच्या कारखान्याने हजारो कामगार वसवले आणि जिथे आजही मिनी गाडी तयार होते, त्या बाजूच्या मजूर पक्षाच्या जुन्या बालेकिल्ल्यांत तिने जागा जिंकल्या. खांब बसवले काउंटीने, शिक्षा झाली नगरसेवकांना. आपल्याकडे याला चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. मात्र हा संन्यासी अगदीच निरागस नव्हता, हेही सांगितले पाहिजे. सप्टेंबर 2023 पर्यंत मजूर पक्ष काउंटीच्या सत्ताधारी आघाडीत भागीदार होता, त्यामुळे तिथल्या निर्णयांचे ओझे त्याच्याही खांद्यावर होते. आणि खांबांचे उघड समर्थन करणाऱ्या ग्रीन पक्षाच्या जागा 2022च्या सहावरून आठवर गेल्या, ही गोष्ट 'शहराने वाहतूक योजना नाकारली' असा सरसकट अर्थ काढणाऱ्यांना अडचणीची आहे. माझ्या मते मजूर पक्षाची मते दोन उलट दिशांनी वाहून गेली: मोटारींवरचा जाच नको म्हणणारे एकीकडे, आणि पक्षाचा परराष्ट्रविषयक पवित्रा भेकड वाटणारे दुसरीकडे. उत्तरेकडच्या समरटाउन, वुल्व्हरकोट या सुखवस्तू भागांत लिबरल डेमोक्रॅटांना त्यामुळे विशेष काही करावे लागले नाही. ते नऊ होते, नऊच राहिले.

या सगळ्यात विद्यापीठ कुठे होते, असे तुम्ही विचाराल. 1974 पर्यंत तर या सभेत विद्यापीठाच्या राखीव जागाच होत्या. आता त्या नाहीत, पण विद्यार्थ्यांची मते आहेत. मेचा पहिला गुरुवार उन्हाळी सत्रात येतो, त्यामुळे मुले गावातच असतात, आणि शिकण्यासाठी आलेल्या विद्यार्थ्याला घरच्या व कॉलेजच्या अशा दोन्ही पत्त्यांवर नाव नोंदवून, दोन वेगळ्या परिषदांच्या निवडणुकांत मत देता येते. आपल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो: भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे तिथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकालाही नगरपरिषदेसाठी मत देण्याचा अधिकार आहे. पुण्याहून किंवा नागपूरहून गेलेला मुलगा व्हिसावर असतानाच ऑक्सफर्डचा नगरसेवक निवडू शकतो, हे पुष्कळांना तिथे गेल्यावरही ठाऊक नसते. बोटाला शाई लागत नाही, यंत्र नाही. कागदी मतपत्रिकेवर पेन्सिलीने फुली मारायची. मात्र 2023 पासून छायाचित्र असलेले ओळखपत्र सक्तीचे झाले, आणि त्याच्या यादीत ज्येष्ठांचा बसचा पास आहे, पण विद्यार्थ्याचे ओळखपत्र नाही. हा कायदा ज्यांच्या सरकारने केला ते बोरिस जॉन्सन त्याच 2 मे रोजी ऑक्सफर्डशायरमधल्याच, म्हणजे ऑक्सफर्ड ज्या काउंटीत आहे तिच्यातल्याच, एका मतदान केंद्रावर ओळखपत्र न घेता गेले आणि त्यांना परत पाठवण्यात आले.

निकालाचा अर्थ लावताना पुढच्या दोन घटना ध्यानात घ्याव्या लागतात. नऊ आठवड्यांनी, 4 जुलैला, संसदेची निवडणूक झाली, तेव्हा पूर्व ऑक्सफर्डची जागा मजूर पक्षाच्या ॲनेलीझ डॉड्स यांनी मोठ्या फरकाने राखली. म्हणजे मेमधला राग पक्षाला कायमचा सोडून जाण्याइतका सर्वत्र पसरलेला नव्हता. दुसरी घटना मे 2025 मधली. काउंटीच्या 69 पैकी 36 जागा जिंकून लिबरल डेमोक्रॅटांनी तिथे स्वबळावर बहुमत मिळवले, आणि त्याच वर्षी 29 ऑक्टोबरपासून शहरात मोटारींसाठी पाच पौंडांचा तात्पुरता गर्दी-कर सुरू झाला. निर्णय काउंटीचा, गाऱ्हाणी घेऊन लोक मात्र पुन्हा सेंट ओल्डेट्स रस्त्यावरच्या नगरभवनाकडे.

डिसेंबर 2024 मध्ये सरकारने हे दोन मजले पाडून एकाच प्रकारच्या परिषदा आणण्याचा मनोदय जाहीर केला. ऑक्सफर्डशायरपुरते एकच परिषद, दोन किंवा तीन असे वेगवेगळे प्रस्ताव पुढे आले, आणि शहराच्या नगरपरिषदेने भोवतालची गावे सामावून घेणाऱ्या 'ग्रेटर ऑक्सफर्ड'चा आग्रह धरला. ते घडले तर रस्त्यातल्या खांबाचा आणि दारातल्या कचऱ्याच्या डब्याचा जाब एकाच नगरसेवकाला द्यावा लागेल. गाझाविषयी मात्र लोक त्यालाही विचारतीलच.

नमस्कार.