आयर्लंडमध्ये किल्ल्याइतकंच शेत बघा

नमस्कार मंडळी. मला दिलेला विषय ‘आयर्लंडची सहल’ असा आहे, आणि समोर बसलेल्यांपैकी बरेच जण गटाबरोबर तिकडे निघालेही आहेत असं कळलं. तेव्हा रोजच्या विचारण्यातल्या गोष्टी आधी उरकून घेते. रेनकोट घ्या, छत्री नको. अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्यात छत्री टिकत नाही. बूट ओल्या दगडावर पकड घेणारे हवेत. शाकाहारी जेवण मिळतं, आणि तिथला सोडा ब्रेड, म्हणजे पीठ, ताक, मीठ आणि खायचा सोडा एवढ्यावर भाजलेला पाव, आपल्या तोंडाला लगेच रुचतो. शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. बेलफास्ट किंवा जायंट्स कॉजवे कार्यक्रमात असेल तर ते ब्रिटनच्या हद्दीत येतं, त्यामुळे तुमच्या व्हिसावर तिथे जाता येईल ना, हे पैसे भरण्याआधी विचारा.

आता मुद्द्याकडे येते. मी मराठी माणसांचे गट घेऊन बरीच वर्षं आयर्लंडला जाते. सहलीच्या पत्रकात तीन गोष्टी असतातच: किल्ले, हिरवंगार रान आणि संध्याकाळचं संगीत. सकाळी किल्ला, दुपारी रान, रात्री संगीत, असं ते वाटून दिलेलं असतं, आणि माणसंही तसंच वेगवेगळं बघून परत येतात. मला वाटतं, या तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: जमीन कुणाची? तो मनात धरून बसच्या खिडकीत बसलात तर आयर्लंड तुम्हाला खूप अधिक देईल.

किल्ल्यांपासून सुरुवात करू. आपल्याला किल्ला म्हटलं की डोंगर आठवतो. राजगड, तोरणा, माचीवरचा वारा. आयर्लंडचा किल्ला बहुतेक सपाटीवर, नदीकाठी नाहीतर तळ्याकाठी उभा असतो. बाराव्या शतकात इंग्लंडकडून नॉर्मन सरदार आले, त्यांनी ट्रिमसारखे अवाढव्य कोट बांधले. पण बसमधून ज्या दगडी चौकोनी इमारती सारख्या दिसत राहतात त्या नंतरच्या, पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या. त्यांना टॉवर हाउस म्हणतात. ते एका घराण्याचं राहतं घर होतं: चार-पाच मजले, जाडजूड भिंती, तळाला अंधारं कोठार आणि सगळ्यात वर घरधन्याची बैठक. दारातून आत शिरलात की मान वर करा. छताला एक चौकोनी भोक असतं. नको असलेला पाहुणा दार फोडून आत आलाच, तर वरून त्याच्यावर मारा करायची ती सोय.

आणखी एक गोष्ट बघायला सांगते, कारण पुष्कळदा ती कुणी दाखवत नाही. अशा अनेक मनोऱ्यांत कमानदार छताच्या पोटाला टॉर्चचा उजेड लावा. चुन्यात विणकामाचे ठसे दिसतात. कमान बांधताना खालून आधाराला ओल्या फोकांच्या विणलेल्या तट्ट्या लावायचे, त्यावर चुना आणि दगड बसवायचे. चुना वाळला, तट्ट्या काढल्या किंवा कुजून गेल्या, पण एकेका काडीचा वळसा तसाच राहिला. पाचशे वर्षांपूर्वी ती तट्टी ज्यानं विणली त्याचं नाव कुठेच नाही, पण त्याच्या हाताचं काम तुमच्या डोक्यावर आहे. ब्लार्नी किल्ल्यातला चुंबन घ्यायचा दगड प्रसिद्ध आहे, त्यासाठी रांगाही लांबलचक लागतात. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर उभं राहावं. मला मात्र विचाराल तर मी तो वेळ अशा एखाद्या छताखाली घालवीन.

किलार्नीला तळ्याकाठचा रॉस कॅसल बहुतेक सगळ्या गटांच्या कार्यक्रमात असतो. १६५२ साली इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल याच्या फौजेपुढे शरण गेलेल्या शेवटच्या ठाण्यांपैकी हे एक. तिथे फोटो काढताना हे साल लक्षात ठेवा, कारण त्यानंतर जे घडलं त्यानं हा देश कायमचा बदलला. हरलेल्यांच्या जमिनी जप्त होऊन क्रॉमवेलच्या सैनिकांना आणि त्याच्या मोहिमेला पैसा पुरवणाऱ्यांना वाटल्या गेल्या. १६४१ मध्ये देशातल्या सुमारे ५९ टक्के जमिनीचे मालक कॅथलिक, म्हणजे बहुतेक तिथलेच आयरिश लोक, होते. १७०३ मध्ये तो आकडा १४ टक्क्यांवर आला. लोक तेच, रान तेच, मालक बदलले. कालपर्यंत जमिनीचे धनी असलेले लोक आपल्याच शिवारात कुळं झाले.

आता शेताकडे चला. पश्चिम किनाऱ्यावर कॉनेमारा आणि मेयो या भागांच्या सीमेवर किलरी नावाची समुद्राची एक लांब, चिंचोळी खाडी डोंगरांत शिरलेली आहे. एकदा तिथे आम्ही चहासाठी बस थांबवली होती. दिवस कलायला लागला होता, ऊन तिरपं झालं होतं. आमच्या गटात आयुष्यभर शेती खात्यात नोकरी केलेले एक आजोबा होते. सगळे पाण्याकडे बघत होते, ते मात्र समोरच्या उतारावर डोळे लावून बसलेले. मला म्हणाले, “ताई, तो डोंगर बघा. ते वरंबे आहेत. सऱ्या पडलेल्या दिसतायत की. मग पीक कुठंय?”

खरंच तिथे वरंबे आहेत. डोंगराच्या कमरेपर्यंत, आज मेंढरंही जपून पाय टाकतात अशा उतारावर, ओळीनं उंचवटे दिसतात. भर दुपारी ते कळत नाहीत. तिरप्या उन्हात सावल्या पडल्या की उमटतात. हे बटाट्याचे वाफे. समुद्रातलं शेवाळ पाठीवर वाहून आणून खत म्हणून घालायचं, दोन्ही बाजूंची ढेकळं कुदळीनं त्यावर पालथी घालायची आणि त्यात बटाटा लावायचा. चांगली जमीन जमीनदाराच्या गव्हाला आणि गुरांना. कुळाच्या वाट्याला हा खडकाळ उतार. बटाटा तिथेही येत असे, आणि थोड्याशा जागेत घरभर माणसं जगवत असे. मजुरी करणारा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खायचा, कारण ताटात दुसरं काही नसायचंच.

१८४५ मध्ये करपा आला. आपले बटाटा पिकवणारे शेतकरी आजही ज्या उशिराच्या करप्याला घाबरतात, तोच. पुढच्या वर्षी जवळजवळ सगळं पीक गेलं. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसं भुकेनं आणि तापानं मेली आणि १० लाखांहून अधिक देश सोडून गेली. या सगळ्या काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि गुरं बाहेर जातच होती. जमीनदाराचा खंड भरायचा तर पीक विकायलाच हवं. सरकारनं दुष्काळी कामं काढली. १८४७ च्या सुरुवातीला त्यांवर सात लाखांवर माणसं राबत होती. कुठेच न पोचणारे रस्ते आणि डोंगरावरच्या बिनकामाच्या भिंती तुम्हाला आजही दिसतील, त्यातल्या काही तेव्हाच्या आहेत. मग कायद्यात एक अट आली: पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाही. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. घरात पोरं उपाशी आहेत आणि तुमच्याकडे पंधरा गुंठे आहेत, तर आधी जमीन सोडा आणि मग मदत मागा. जमीन सोडली की झोपडीही बहुधा जायचीच. कितीतरी जमीनदारांनी या संधीत गावंच्या गावं रिकामी करून घेतली.

म्हणून मेयोमधलं ते मोकळं, शांत रान बघून “किती निवांत आहे!” असं तोंडून निघालं, की मी एक आकडा सांगते. १८४१ मध्ये मेयो काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, सुमारे ३ लाख ८९ हजार माणसं राहत होती. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १ लाख ३८ हजार. जगभर नावाजलेला तो निवांतपणा रिकाम्या केलेल्या घरांतून आला आहे. माळावर छप्पर नसलेल्या दगडी भिंती दिसल्या, तर तिथे आपलं बोलणं थोडं थांबवा एवढीच माझी विनंती असते.

किलरीपासून लुईसबर्ग गावाकडे जाणारा एक रस्ता डूलॉखच्या दरीतून जातो. १८४९ च्या मार्चमध्ये लुईसबर्गच्या उपाशी लोकांना मदतीसाठी हजेरी द्यायला सांगितलं होतं, आणि अधिकारी डेल्फीच्या शिकारबंगल्यात मुक्कामाला गेले होते. लोक सुमारे बारा मैल चालत तिथे पोचले. त्यांना काही न देता परत पाठवलं. थंडी, वारा, पाऊस; परतीच्या वाटेवर कितीतरी जण पडले. नेमके किती, यावर आजही एकमत नाही. त्या दरीत रस्त्याकडेला साधा दगडी क्रूस उभा आहे आणि त्यावर महात्मा गांधींचं वचन कोरलेलं आहे. आपल्यासारख्याच माणसांना खाली दाखवून कुणाला स्वतःचा मान वाढल्यासारखं कसं वाटतं, असा त्यांचा प्रश्न आहे. आमच्या गटातल्या एका काकूंनी तो मोठ्यानं वाचला, आणि मग बसमध्ये बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता याच मेयोमधल्या एका माणसाची गोष्ट. मायकेल डेव्हिट, जन्म १८४६, ऐन दुष्काळातला. चार वर्षांचा असताना त्याच्या कुटुंबाला घराबाहेर काढलं. ते इंग्लंडला गेले. तिथे कापडगिरणीत काम करताना अकराव्या वर्षी त्याचा उजवा हात गेला. हाच मुलगा मोठा होऊन मेयोला परतला आणि १८७९ मध्ये त्यानं लँड लीगची, कुळांच्या चळवळीची, स्थापना केली. त्या रेट्यातून कायदे होत गेले. १९०३ च्या कायद्यानं कुळांना जमीन विकत घ्यायला सरकारी कर्ज मिळालं, फेड साडेअडुसष्ट वर्षांत. आज खिडकीतून जी लहान-लहान शेतं दगडी बांधांनी आखलेली दिसतात, त्यांचे मालक ती स्वतः कसतात, ते या लढ्यामुळे. मेंढपाळाच्या शेतावर कुत्र्यांची कामगिरी दाखवतात, ती चुकवू नका. एका शिटीवर कुत्रा डावीकडून वळतो, दुसऱ्या शिटीवर जागीच पोट टेकतो. ते संपल्यावर त्या शेतकऱ्याला लोकरीचा भाव विचारा. कातरणीचा खर्चही सुटत नाही, असं बहुधा सांगेल. मालकी मिळाली, तरी शेतकऱ्याचं गणित तिथेही अवघडच आहे.

संध्याकाळच्या कार्यक्रमांतही हाच धागा आहे. हर्लिंग हा राखेसारख्या फिकट अॅश लाकडाच्या काठ्यांनी खेळायचा, वीज चमकावी असा वेगवान खेळ. तो सांभाळणारी संघटना १८८४ मध्ये थर्ल्स गावी निघाली आणि तिच्या पहिल्या आश्रयदात्यांत डेव्हिट होता. ८२ हजार प्रेक्षकांचं क्रोक पार्क भरवणारे खेळाडू आजही खेळण्याचा पगार घेत नाहीत. आणि संगीत? देश सोडून गेलेली माणसं आपल्या चाली बरोबर घेऊन गेली. कॉर्कमध्ये जन्मलेला फ्रान्सिस ओनील शिकागोचा पोलिसप्रमुख झाला आणि त्यानं तिथल्या आयरिश वादकांकडून शेकडो चाली लिहून घेतल्या. गावात विसरलेली एखादी चाल अशी समुद्रापलीकडून परत आली.

डूलिनसारख्या गावात पबमधल्या बैठकीला जाल तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्च्या वादकांसाठी सोडा. दारू घ्यायलाच हवी असं नाही, चहा मागितला तर मिळतो. समोर कागद नसतो. एक जण सुरू करतो, बाकीचे कान देऊन त्यात शिरतात. तीन चाली एकमेकींना जोडून वाजवतात, मध्ये थांबत नाहीत, म्हणून टाळ्यांची घाई करू नका. काखेखालच्या भात्यानं हवा भरून वाजवायचं इलिअन पाइप्स कुणी काढलं, तर जमेल तितकं जवळ बसा.

आपल्याकडचं एक नातंही सांगते. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी ज्यांच्या वडिलांचं नातं, ते लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. पिढ्यान्‌पिढ्या माणसं गमावलेल्या या देशात आता बाहेरून माणसं येतात. २०२२ मध्ये प्रजासत्ताकाची लोकसंख्या ५० लाखांवर गेली, १८५१ नंतर पहिल्यांदाच. उत्तर आयर्लंड धरूनही बेट मात्र अजून १८४१ च्या ८२ लाखांपर्यंत पोचलेलं नाही.

किलकेनीचा किल्लाही बघा. बटलर घराण्याकडे तो १३९१ पासून होता. १९६७ मध्ये त्यांनी तो ५० पौंडांना गावाच्या हवाली केला. आज त्याच्या हिरवळीवर गावातली मुलं खेळतात, आणि मला तो किल्ला त्यासाठी सगळ्यात जास्त आवडतो.

शेवटी सहलीच्या निवडीबद्दल. तिथे बहुतेक वेळा बसचा चालकच मार्गदर्शक असतो आणि तो त्याच मातीतला असतो. पहिल्याच दिवशी त्याच्याशी बोला, त्याचं घर कुठल्या काउंटीत, आजोबांची जमीन किती होती हे विचारा. तो मोकळा झाला की पत्रकात नसलेलं कितीतरी दाखवतो. कार्यक्रम निवडताना पश्चिमेला किमान तीन मुक्काम आहेत ना ते बघा; रोज नवं हॉटेल असेल तर तिरप्या उन्हाची वेळ नेमकी बसमध्ये किंवा सामान चढवण्यात जाते. रॉसकॉमनमधल्या स्ट्रोक्सटाउनचं दुष्काळाचं संग्रहालय डब्लिनहून पश्चिमेला जाताना वाटेत घेता येतं, तेही विचारा. आणि डूलॉखचा रस्ता अरुंद आहे, त्यामुळे तिथे जायचंच असेल तर लहान बसचा गट निवडा आणि ही वाट कार्यक्रमात आधीच लिहून घ्या. तिथे पोचल्यावर ऐन वेळी मागितलं तर वेळापत्रकात बसत नाही.