बेलेमच्या बुरुजावरचा गेंडा

लिस्बन. तेजो नदी समुद्राला मिळायच्या थोडं अलीकडे, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा हा पांढरा बुरूज. बेलेमचा बुरूज. बांधकाम सुरू झालं 1514 साली, राजा मानुएल पहिला याच्या काळात. इथे येणारा प्रत्येक जण छोट्या पुलावरून आत जातो, गच्चीवर चढतो, नदीचा फोटो काढतो. आपण आत जाण्याआधी बाहेरूनच वायव्येच्या कोपऱ्याकडे बघू. टेहळणीच्या त्या लहान मनोऱ्याच्या बुडाशी, दगडाला आधार दिल्यासारखं एक जनावराचं डोकं कोरलेलं आहे. पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने ते झिजलंय, शिंग तर जवळजवळ ओळखूच येत नाही.

हा गेंडा आहे. आणि तो आपल्याकडून इथे आला.

गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा याने तो पोर्तुगीजांना भेट दिला. गोव्यात बसलेल्या पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकेर्कने तो जहाजात चढवून राजाकडे रवाना केला. आफ्रिकेला वळसा घालून जहाज 20 मे 1515 रोजी लिस्बनला लागलं. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिला नव्हता. पोर्तुगीज त्याला 'गांदा' म्हणत. आपलाच शब्द, त्यांच्या जिभेवर थोडा वळलेला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्ती गेंड्याला बघूनच पळाला. त्याचं वर्णन आणि एक रेखाटन जर्मनीत पोचलं, आणि तिथल्या आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराने गेंडा एकदाही न बघता त्याचं चित्र लाकडात कोरलं. अंगावर चिलखताचे पत्रे चढवलेला तो गेंडा पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपने खरा मानला.

खरा गेंडा मात्र वर्षभरात गेला. राजाने तो पोपला नजराणा म्हणून पाठवला. इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. गेंड्याला पोहता येतं, पण याच्या पायात साखळदंड होते. त्याच सुमाराला इथे बुरुजाचं काम चालू होतं आणि कुणा पाथरवटाने त्याला या कोपऱ्यात जागा दिली. लिस्बनमधल्या सगळ्या शिल्पांमध्ये मला हे एक सगळ्यात जवळचं वाटतं.

बुरुजापासून नदीकाठाने पूर्वेला चालत गेलं की जेरोनिमोस मठ लागतो. इथल्या ओवऱ्यांमध्ये उभं राहून एखादाच खांब निवडावा आणि तो नीट बघावा. दगडात जहाजाचे दोर वळलेत, दोरांना गाठी मारल्यात, त्यांच्या मधून समुद्रातल्या वनस्पती आणि पानं चढत गेलीत. दगड मध्यान्हीला पांढरा दिसतो, उन्हं उतरली की मधासारखा. दर्यावर्दी लोकांचं सगळं जग इथे छिन्नीखाली आलंय.

हे सगळं कोणत्या पैशातून झालं, तेही लिहून ठेवलेलं आहे. आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर राजाने विसावा हिस्सा, म्हणजे पाच टक्के कर बसवला आणि तो या मठासाठी लावला. त्या मालात मुख्य होती मिरी, मलबारच्या बागांमधली काळी मिरी. काम 1501 च्या सुमाराला सुरू झालं आणि जवळजवळ शतकभर चाललं.

मठाच्या चर्चमध्ये शिरल्याबरोबर दोन बाजूंना दोन कबरी दिसतात. एक कवी कामोंइशची, जो 1553 मध्ये गोव्यात उतरला होता. दुसरी वास्को द गामाची. 1497 च्या जुलैमध्ये इथल्याच काठावरून चार जहाजं घेऊन तो निघाला होता. त्याला मरण आलं कोचीत, 1524 च्या नाताळच्या आदल्या दिवशी. आज संगमरवरातला गामा हात जोडून शांत पहुडलेला दिसतो, आणि कबरीच्या बाजूला शिडं फुगलेलं एक जहाज कोरलेलं आहे. ते जहाज बघताना मला दुसरंच एक जहाज आठवतं. 1502 साली मलबारच्या समुद्रात मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज याच गामाने लुटलं आणि माणसांसकट पेटवून दिलं. त्यात बायका होत्या, मुलं होती. त्या जहाजाची खूण इथे कुठे नाही, म्हणून ती आपण आपल्या निवेदनात ठेवतो.

आता शहराच्या मध्यभागी जाऊ. टेकडीवर संत जॉर्जचा किल्ला, जो 1147 मध्ये पोर्तुगालच्या पहिल्या राजाने मुसलमान सत्तेकडून घेतला. समोरच्या टेकडीवर कार्मोचा मठ. वसईच्या किल्ल्यात फिरलेल्या माणसाला इथे क्षणभर चुकल्यासारखं होतं. तशाच उंच भिंती, तशाच टोकदार कमानी, आणि वर छप्पर नाही, सरळ आभाळ. वसईला हे लढाईने आणि काळाने केलं. इथे भूकंपाने केलं.

1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या पुढे शहर चर्चमध्ये जमलं होतं, वेदींवर मेणबत्त्या लावलेल्या होत्या. जमीन हलली, छतं कोसळली. जे वाचले ते मोकळ्या जागेसाठी नदीकडे धावले. थोड्या वेळाने नदी मागे सरली आणि समुद्राची लाट घेऊन परत आली. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग पाच-सहा दिवस जळत राहिली. नदीकाठचा राजवाडा गेला, त्यातलं ग्रंथालय गेलं. राजा जोझे इतका धसकला की नंतर दगडी छताखाली राहायलाच तयार होईना. त्याचा दरबार टेकडीवर तंबूंत आणि लाकडी घरांत भरू लागला.

शहर उभं केलं ते त्याच्या मंत्र्याने, पुढे ज्याला मार्केश द पोम्बाल म्हणून ओळखलं गेलं त्याने. खालच्या भागातले हे सरळ रस्ते, एकसारख्या उंचीच्या इमारती त्याच्या इंजिनिअरांच्या. बाहेरून साध्या वाटतात. गंमत भिंतींच्या आत आहे. आधी लाकडाचा पिंजरा, उभ्या-आडव्या-तिरक्या तुळयांचा, आणि मग त्यात दगडविटा. धक्का बसला की लाकूड लवतं, घर टिकतं. पिंजऱ्याचा नमुना तयार करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं आणि चाचणी घेतली, असं सांगतात. भूकंपाचा विचार करून इतक्या मोठ्या प्रमाणावर घरं बांधण्याचा युरोपातला हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. पोम्बालच्या राजवटीच्या क्रूर कथाही कमी नाहीत, पण या भिंतींसाठी त्याला मानलं पाहिजे.

पुन्हा बेलेम. मठासमोर नदीकाठी 52 मीटर उंचीचं शोधयात्रांचं स्मारक. जहाजाच्या नाळेवर दाटीने उभे असलेले दगडी पुरुष, त्यांत गामा आहे, आल्बुकेर्क आहे, सेंट फ्रान्सिस झेवियरही आहे. हे पाचशे वर्षं जुनं वाटतं, पण आहे 1960 सालचं. हुकूमशहा सालाझारचं राज्य होतं. साम्राज्य अजून आपलंच आहे, हे त्याला दगडात सांगायचं होतं. पुढच्याच वर्षी, 19 डिसेंबर 1961 ला, गोवा मुक्त झाला.

बेलेमहून जाणारी लोकल नदीकाठाने पश्चिमेला निघते आणि काही स्टेशनांनंतर काशियाश येतं. पर्यटक इथे उतरत नाहीत. इथल्या किल्ल्यात राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. सांगलीचे मोहन रानडे, गोव्यात मराठी शाळेवर शिकवणारे तरुण शिक्षक आणि गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे सैनिक, 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा झाली 26 वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला आणून इथे ठेवलं. गोवा स्वतंत्र झाला, तरी रानडे आतच राहिले. महाराष्ट्रात त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके झटले, मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई थेट पोपशी बोलले. जानेवारी 1969 मध्ये ते सुटले. तुरुंगातली चौदा वर्षं, त्यातली बरीचशी एकांतकोठडीत.

एप्रिल 1974. टेकडीवरचा तोच कार्मोचा चौक. छप्पर नसलेल्या मठाला लागून असलेल्या पोलिसी मुख्यालयात सालाझारचा वारस कायतानु आश्रयाला जाऊन बसलाय. बाहेर उठाव केलेल्या सैन्याच्या चिलखती गाड्या आहेत, सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची लाल फुलं खोचलीत. 25 तारखेच्या संध्याकाळी कायतानुने सत्ता सोडली. दुसऱ्या रात्री काशियाशची दारं उघडली आणि राजकीय कैदी बाहेर आले. त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला पोर्तुगालने भारताशी करार करून गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

तेजोवरचा तो लांबलचक तांबडा झुलता पूल 1966 मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याला सालाझारचं नाव होतं. क्रांतीनंतर लोकांनी खांबावरची पितळी अक्षरं उतरवली. आता तो '25 एप्रिल' पूल म्हणून ओळखला जातो. बेलेमच्या काठावरून तो पूर्वेला दिसतो, आणि वाऱ्याची दिशा बरी असली की त्यावरून जाणाऱ्या गाड्यांची घरघर पाण्यावरून इथपर्यंत ऐकू येते.